सुतानं बांधलेल्या वायरी

आमचे हे चांगले हायेत. तसं म्हणताना माजी जीभ जड होते, पण हायेत, कुणी न्हाय म्हणणार न्हाय. आन त्या चांगुलपणानंच घात केला. एखादा आडदांड माणूस असता तर त्या दिवशी कात्री चालवून मोकळा झाला असता.

सांगते सगळं. मदीच बोलू नका, मग माजं काय सांगायचं ते ऱ्हातं.

दुष्काळ सरला, त्याच्या पुडच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमी तुळजापूर वेशीच्या अलीकडं चाळीत राहायचो. मी पार्वतम्मा. ह्यांचं नाव एकडाव घेते, शिवपुत्र. पुन्हा घ्यायला लावू नका, दुसऱ्याच्या तोंडचं तेवढं सांगीन. गिरणीत वायरमन होते. आन घरात माजे सासरे, सिद्धप्पा. त्यांना मी मामा म्हणायची.

मामांचा सगळा जन्म त्याच गिरणीत लूम खात्यात गेला. तितं सगळे माग एकदम धडाडतात, धोटे इकडनं तिकडं आपटतात, भिंत सुदिक हलती. कुणी बोलत न्हाय. ओठ हलवायचे आन हात हलवायचे. मामा घरी येऊन बी तसंच बोलायचे. सासूबाई होत्या तवा म्हणायच्या, "मागानं माजा नवरा ठेवून घेतला, नुस्तं धड घरी लावून दिलं." आमी हसायचो. त्यात हसण्यासारखं काय बी नव्हतं, पण त्या वयात हसू येतं.

ट्रकचा हॉर्न मामांना कळायचा, ढोल कळायचा. बाईमाणसाचा आवाज मात्र अजिबात न्हाय. मी कानाशी तोंड लावून ओरडले तर म्हणायचे, "पारू, वारा लागतोय गं, शब्द न्हाय येत."

आन त्यांची पोर गाणारी! रत्नम्मा, माजी नणंद. मठात ती कानडी वचनं म्हणायला लागली की चपला घालून निघालेली माणसं परत आत येऊन बसायची. बाजारात मामा दिसले की लोक हात धरून सांगायचे, "सिद्धप्पा, काय गळा हाय तुज्या पोरीचा!" मामा त्यांचे ओठ वाचायचे आन हसायचे. पोर लहान होती तवा मामा पहाटे गिरणीत, आले की झोप. पोर गायला लागली तवर कान संपले. एकदा मी भाकरी वाढत होते, तर ताटाकडं बगत म्हणले, "सगळ्या सोलापुरानं ऐकली माजी रत्नी. मीच तेवढा राहिलो." माज्या हातातनं कालवण सांडलं.

रत्नम्माला अक्कलकोटात दिली. नवरा गुणाचा, पण सासू म्हणजे देवा रे देवा! सून गाते म्हणजे घराची अब्रूच गेली असं वागायची. नागपंचमीशिवाय माहेर न्हाय. मग त्यांच्या मठाच्या स्वामींनी शब्द टाकला, तवा कुटं म्हातारीनं गुलबर्ग्याच्या रेडिओवर गायला जाऊ दिलं. तिची अट एकच. "एकडाव. पुन्हा न्हाय." म्हातारी आपला शब्द कदी फिरवत न्हाय, हे साऱ्या अक्कलकोटाला ठाऊक होतं.

कार्ड आलं. सकाळच्या कार्यक्रमात रत्नम्मा, अमक्या तारखेला. मी मोट्यानं वाचलं, मग मामांच्या पुडं ओठ हलवून सावकाश सांगितलं. मामांनी कार्ड माज्या हातातनं घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. म्हणले, "आमास्नी काय त्याचं." आन बाहेर जाऊन बसले.

ह्यांनी ते बगितलं. सरकारी दवाखान्यातलं कानाचं यंत्र आदी आणून झालं होतं. छातीवर डबी, कानात बोंड. मामांनी ते घातलं, थोडा वेळ ऐकलं आन काढून ठेवलं. म्हणले, "ह्यात बी गिरणीच ऐकू येती." म्हणून हे म्हणले, "मी अँप्लिफायर करतो. रेडिओ त्याला जोडायचा आन स्पीकर आप्पांच्या कानाशी ठेवायचा. रत्नी गायली की भिंत वाजली पायजे."

ह्यांचा दोस्त होता कासीम, विजापूर वेशीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्याच्याकडनं जुने काचेचे व्हॉल्व्ह आणले. बल्बासारखेच असतात, पेटले की आत बारीक निखारा दिसतो. ट्रान्सफॉर्मर जुन्या बाजारातनं. पत्र्याची पेटी ह्यांनी स्वतः वाकवली, भोकं पाडली. माज्या चुलीशेजारी कथिलाचा वास, पोळपाटावर स्क्रू! एकदा भातात सुदिक निघाला एक. मी बोलायचं ते बोलले, ह्यांनी ऐकायचं ते ऐकलं.

काम झालं आन पेटीच्या पोटात बगितलं तर नुस्ता गुंता. वायरी कुटनंबी कुटं गेलेल्या, एकीवर एक आडव्या, कुटं आखूड, कुटं तिरक्या. पण चालू केलं ना, काय सांगू! गुलबर्ग्याचं स्टेशन लागलं, एक बाई कानडीत काही सांगत होती. ह्यांनी स्पीकर मामांच्या कानाशी धरला. मामा आदी नुस्ते बसून होते. मग मान वर झाली. "बाई हाय," म्हणले. "बाई बोलती हाय! पाऊस म्हणली. आता बियाणं म्हणली!" एक एक शब्द पकडून आमाला सांगायला लागले, जसं काय आमीच बहिरे. रडले की हो. मी बी रडले. हे तोंड फिरवून उगाच पक्कड शोधत बसले.

तितंच थांबायला पायजे होतं. पण मामांनी पेटी उलटी करून बगितली.

"हे काय रं शिवपुत्र?" म्हणले. "असलं काम आमच्या खात्यात कुणी केलं असतं तर जॉबर मुकादमानं कान उपटला असता. आडवं धाव, तिडवं धाव! ताणा असा असतो व्हय?"

आता मागवाल्याचं असं असतं, बगा. ताण्याचा उभा धागा धाग्याला चिकटून सरळ गेला पायजे. एक बी धागा दुसऱ्याच्या वाटेत आला की कापड बाद. मामांनी आयुष्यभर तेच केलं होतं. गिरणीनं घरी बसवल्यापासनं माणूस नुस्ता भिंतीला टेकून असायचा, अर्धी भाकर पानात टाकायचा. त्या दिवसापासनं त्यांना काम मिळालं. हे कथिलाचे डाग काढायचे, मामा वायर सरळ करायचे, हे परत डाग द्यायचे. आखूड वायर मामांना चालायची न्हाय, सगळ्या कोपऱ्यापर्यंत न्हेऊन काटकोनात वळवायच्या, आन खांद्याला खांदा लावून एकच जुडगा. मग गिरणीचं पांढरं सूत घेऊन गाठी. एका मापाच्या, एका ओळीत. जेवायला हात हलवून बोलावलं की म्हणायचे, "थांब गं, एवढी गाठ घेतो." मग दोन भाकरी खायचे आन तिसरी मागायचे. शेजारची ईरम्मा बगायला आली आन म्हणली, "अगं, ही पेटी न्हाय, हा तर चादरीचा काठ हाय!" मामांनी तिचे ओठ बरोबर वाचले. किती दिवसांनी त्यांची छाती फुगलेली बगितली मी.

मग चालू केलं.

शिट्टी! अशी शिट्टी की दातात सुई गेली. बारीक, पातळ, थांबायचं नावच न्हाय. ईरम्मा कानावर हात ठेवून पळाली. चाळीतलं कुत्रं उठून निघून गेलं. आन मामा? मामा स्पीकरला कान लावून मजेत बसलेले. त्यांना शिट्टी येतच नव्हती. शिट्टीच्या खालची बाई तेवढी ऐकू येत होती. "छान बोलती," म्हणले आन आमच्याकडं बगून हसले. आमी दोघांनी कानावरचे हात पटकन खाली घेतले.

कासीम आला, पेटी उलटी करून बगितली आन डोक्याला हात लावला.

"यार शिवपुत्र, किसने बांधा ये? दिसतंय लई सुंदर," तो म्हणला. "पण आत जाणारी वायर आन बाहेर येणारी वायर एका बिछान्यात झोपवली तुमी. बाहेर निघालेला आवाज शेजारच्या वायरीतनं परत आत शिरतो, मोटा होतो, परत बाहेर, परत आत. शिट्टी नको तर काय? ह्यांना वेगळं पायजे. आत जाणारी आखूड ठेव, व्हॉल्व्हच्या पायाला खेटून रेझिस्टन्स लाव, बाहेरची दुसऱ्या बाजूनं न्हे. एकमेकींला भेटायचंच असलं तर आडवं भेटू दे. तुज्या पहिल्या गुंत्यात तेच होतं की रे! काप हे सूत."

ह्यांनी मामांकडं बगितलं. मामा खाटेवर बसून उरलेलं सूत बोटाला गुंडाळत होते. कासीमकडं बगून त्यांनी मान हलवली, म्हणजे कसं झालंय काम?

"अच्छा हाय चाचा, एकदम फस्क्लास," कासीमनं हात हलवून सांगितलं. तो तरी काय करणार!

मग हळूच ह्यांनी विचारलं, "न कापता काही होईल का?"

"होईल. एक कपॅसिटर टाकतो. शिट्टी मरेल. पण आवाजाची धार बी मरेल, बग. जाडा होईल आवाज."

मी तितंच चूल फुंकत होते. मी म्हणलं, "सांगा की सरळ मामांना. बाप हाय, गिळतात का काय तुमाला? उद्या दुसरं काम द्या बांधायला."

हे म्हणले, "पारू, तुला न्हाय कळणार. माज्या जन्मात पहिल्यांदा आप्पा माज्यासंगं कामाला बसले. आता त्यांना सांगू, की तुमच्या हातानं बिघडलं?"

"आन रत्नम्मा?"

"रत्नी ऐकू येईल की. आवाज कमी थोडाच होणार हाय, उलट मोटाच होईल."

कपॅसिटर लागला. शिट्टी गेली. आन आवाज असा आला, गोल, जाड, उसाच्या पाकासारखा. ईरम्मा परत आली, बसली, म्हणली, "आता कसं ग्वाड वाटतंय." सगळ्यांनी माना हलवल्या. ह्यांनी मामांकडं बगून भुवया उडवल्या, येतंय का? मामा स्पीकरला कान लावून बराच वेळ बसले. मग ह्यांच्या तोंडाकडं बगितलं. ह्यांचं तोंड त्या वेळी असं झालं होतं, जसं काय परीक्षेचा निकाल लागायचा हाय. मामांनी मान हलवली. येतंय की, येतंय.

त्या दिवशी मामांनी तिसरी भाकर न्हाय मागितली. मला वाटलं उन्हानं.

मग तो दिवस आला. मामांनी सकाळीच आंघोळ केली, इभूत लावली, धुवट सदरा घातला, जसं काय रत्नम्मा दारात येणार हाय. मी अंगण सारवलं. ईरम्मा आली, चाळीतली आणखी माणसं आली, कासीम दुकान उशिरा उघडतो म्हणून येऊन बसला. ह्यांनी स्पीकर खाटेवर मामांच्या कानाला टेकवून ठेवला. रेडिओवाल्या बाईनं नाव घेतलं, "रत्नम्मा", आन माज्या अंगावर काटा आला.

काय गायली हो पोरगी! सासूचा सगळा धाक त्या पेटीबाहेर ठेवून गायली. ईरम्मा पदर तोंडाला लावून बसली. हे भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. मी मामांकडं बगत होते. मामांचा हात मांडीवर ताल धरत होता, मान हलत होती. मी म्हणलं, देवा शिवा, केलंस बाबा तू ह्यांच्या मनासारखं.

गाणं संपलं. बाईनं दोन शब्द सांगितले आन शेंगांचे, ज्वारीचे भाव लागले. कुणीतरी पुरुषमाणूस अडत बाजारातले आकडे वाचत होता.

मामांचा हात मांडीवर ताल धरूनच होता. मान हलत होती.

बाकी कुणाचं लक्ष न्हाय. ईरम्मा डोळे पुसत होती, माणसं उठून मामांचे हात धरत होती, "काय पोर हाय, सिद्धप्पा!" माणसं उठली तशी मामांना कळलं की संपलं. त्यांनी ताल थांबवला आन हसले. तेच हसणं, बाजारातलं. कासीम चहा न घेताच गेला, ह्यांच्या नजरेला नजर न देता.

सगळे गेल्यावर हे तोंड धुवायला नळावर गेले. मी मामांच्या पुडं बसले आन ओठ हलवून विचारलं, "खरं सांगा. आली का रत्नम्मा?"

मामांनी दाराकडं बगितलं. मग माजं मनगट धरलं.

"गोंगाट आला," म्हणले. "मोटा आला, भरपूर आला. पण शब्द न्हाय, सूर न्हाय. पोतं बडवल्यागत. माजे उरलेसुरले कान बी गेले गं, पारू. त्या गाठी मारल्यापासनं चार दिवसांतच गेले. बाई बोलत होती ती पण बंद झाली." मग म्हणले, "शिवपुत्राला सांगू नको. लई राबलाय पोरगा."

मला सांगता येत होतं. मामा, कान तुमचे जागेवर हायेत, शब्दांची धार त्या मुडद्या कपॅसिटरनं खाल्ली. पण मग ते विचारणार, तो का टाकला? आन त्याचं उत्तर त्यांच्याच सुताच्या गाठींत बांधलेलं होतं. मी तिडिकीनं उठून बाहेर गेले आन नळावरच ह्यांना गाठलं. लोक बगत होते, बगू दे.

"तुमच्या बापानं शेंगांच्या भावाला ताल धरला," मी म्हणलं. "समजलं का? रत्नम्मा येऊन गेली आन त्यांच्यापर्यंत पोचलीच न्हाय. त्यांना वाटतंय, कान गेले. आन तुमाला सांगू नको म्हणले, कारण तुमी लई राबलाय!"

ह्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला वाटलं भांडतील. मी भांडायला तयारच होते. पण हे तडक घरात आले, बटन बंद केलं, पेटी उलटी केली आन कटर घेतला. त्या गाठींवर कटर टेकवला. मग उचलला. तेव्हाबी न्हाय कापवलं त्यांना. नुस्ता कपॅसिटर तोडला आन पेटी सुलटी करून बटन लावलं.

व्हॉल्व्ह तापेपर्यंत काही न्हाय. मग शिट्टी सुरू झाली. तीच, दातात शिरणारी. पलीकडनं ईरम्मानं भिंत बडवली. रेडिओवर एक बाई आली होती, पिकांवरच्या किडीचं काहीतरी सांगत होती.

मामा खाटेवर पाठ करून आडवे झाले होते, स्पीकर उशाशीच. ते उठून बसले. स्पीकर दोन्ही हातांनी धरला.

"पारू," म्हणले. "बाई आली. औषध म्हणली. फवारा म्हणली!" त्यांचं तोंड असं उजळलं, मला बगवेना. "शिवपुत्र, अरे माजे कान आले! आत्ता आले बग! गेले नव्हते रं, बसले होते नुस्ते!"

आमी दोघं तितंच उबे. पंचमीला रत्नम्मा आली तवा खाट रिकामी होती, हे आत्ताच सांगून टाकते, नंतर माज्यानं सांगवणार न्हाय. पहिल्या पावसातच ताप आला आन चार दिवसांत मामा गेले. पण त्या सकाळी ते मला आमच्या घरातले सगळ्यात सुखी माणूस दिसत होते.

"मगाशी नशीब आडवं आलं," मामा म्हणले. आन मग लहान पोरागत, ह्यांच्या ओठांकडं बगत विचारलं, "रत्नीचं पुन्हा लावतील की रं? तिला कार्ड टाक. म्हणावं, आप्पाला आता ऐकू येतंय, एकडाव अजून गा."

शिट्टी चालूच होती. ईरम्मा भिंत बडवत होती. ह्यांनी कानावर हात ठेवले न्हाईत. मामांच्या समोर उबं राहून, ओठ नीट हलवून म्हणले, "लावतील, आप्पा. लावतील की."